काडी कुठे आहे? पापणीच्या बारीक जखमेमागे दडलेली मेंदूची इजा

हे प्रकरण एका विशिष्ट मुलाचे नाही. डोळ्याच्या खोबणीतून कवटीत शिरलेली लाकडी काडी डॉक्टरांच्या हातून कशी निसटते, हे सलग दिसावे म्हणून ते शिकवण्यासाठी बांधले आहे. मोजमापे, मात्रा आणि तपासण्यांचा क्रम मात्र प्रत्यक्ष वापरात असतो तसाच आहे. डोळ्यांसमोर वाचक आहेत ते ग्रामीण रुग्णालयातले वैद्यकीय अधिकारी, निवासी डॉक्टर आणि सीटी सेंटरवरचे तंत्रज्ञ.

घटना

विदर्भातले गाव, फेब्रुवारीचा पहिला आठवडा. तूर बडवून झालेली, तुराट्यांचा ढीग अंगणाच्या कडेला रचलेला. चार वर्षांचा मुलगा, वजन १४ किलो. तुराटीचा वीतभर तुकडा हातात घेऊन पळताना तो ओट्याच्या पायरीला अडखळला आणि तोंडावर पडला. काडी डाव्या वरच्या पापणीत, नाकाच्या बाजूला घुसली. आजी दोन पावलांवर होती. तिने काडी उपसली, फेकून दिली आणि जखमेवर हळद दाबून धरली. रक्त लगेच थांबले. पोर थोडा वेळ रडले आणि आईच्या कडेवर झोपी गेले. बेशुद्धी नाही, झटका नाही, उलटी नाही.

संध्याकाळी जवळच्या दवाखान्यात नेले. पापणीच्या वळीत पाच मिलिमीटरची जखम, कडा सरळ, रक्तस्राव नाही. पापणी सुजल्याने डोळा उघडत नव्हता. जखम धुतली, कागदी चिकटपट्टीने कडा जुळवल्या, तोंडावाटे अमॉक्सिसिलिन-क्लॅव्हुलॅनेट सुरू केले, धनुर्वाताच्या लसीचे, म्हणजे टीटीचे इंजेक्शन दिले आणि "सूज उतरली की दोन दिवसांनी दाखवा" असे सांगून घरी पाठवले. नोंदीत चार शब्द: डावी पापणी, साधी जखम.

या चार शब्दांतला "साधी" हा शब्द तपासलेला नव्हता. जखम किती रुंद आहे हे दिसत होते. ती किती खोल आहे हे ज्या दोन गोष्टी सांगू शकल्या असत्या, त्यांतली एक सुजलेल्या पापणीखाली होती आणि दुसरी अंगणात पडली होती.

टीटीबद्दल थोडे

मुलाच्या लसीकरण कार्डावर ६, १० आणि १४ आठवड्यांचे पेंटाव्हॅलंटचे तीन डोस आणि दीड वर्षाचा डीपीटी बूस्टर होता; दोन्हींत धनुर्वाताची लस असते. जखम मळलेली असली, तरी तीन किंवा जास्त डोस झालेल्या मुलाला शेवटच्या डोसला पाच वर्षे उलटली असतील तरच पुन्हा लस लागते. इथे साडेतीन वर्षेही झाली नव्हती. कार्ड नसते किंवा तीनपेक्षा कमी डोस असते, तर लसीबरोबर दुसऱ्या जागी धनुर्वाताचे तयार प्रतिद्रव्य, म्हणजे टेटनस इम्युनोग्लोब्युलिन २५० युनिट, स्नायूत द्यावे लागले असते. टीटीने अपाय काही झाला नाही. पण इंजेक्शन झाले की घरच्यांना आणि डॉक्टरांनाही उपचार पूर्ण झाल्यासारखे वाटते. हा तोटा कुठल्याच केसपेपरवर येत नाही.

खोबण म्हणजे नरसाळे

डोळ्याची खोबण समोर रुंद आणि मागे निमुळती असते. समोरून शिरलेली टोकदार वस्तू भिंतीला घसटत आपोआप मागे आणि आतल्या बाजूला वळते. नेत्रगोल चरबीत तरंगत असतो, त्यामुळे बारीक काडी आली की तो बाजूला सरतो आणि बहुधा शाबूत राहतो. म्हणूनच "डोळा ठीक आहे" या निष्कर्षावरून मागे काय झाले ते ठरत नाही. पापणी झटक्यात मिटते, त्यामुळे प्रवेशाची खूण बहुतेकदा वरच्या पापणीच्या वळीत असते आणि डोळा उघडला की वळीतच लपते. काडी पापणी आणि डोळा यांच्या मधल्या फटीतून गेली, तर कातडीवर ओरखडाही दिसत नाही. नेत्रश्लेष्मला, म्हणजे पापणीच्या आतले पातळ आवरण, उलटून पाहिली तरच भोक सापडते.

खोबणीतून कवटीत जायला तीन वाटा आहेत. पहिली छतातून, थेट मेंदूच्या पुढच्या खंडात. दुसरी मागच्या वरच्या फटीतून, म्हणजे सुपीरियर ऑर्बिटल फिशरमधून, कॅव्हर्नस सायनस (मेंदूच्या तळाशी असलेली शिरांची पोकळी) आणि कानशिलाच्या खंडाकडे. तिसरी, फार विरळा, दृष्टिचेतेच्या नळीतून. लहान मुलांत पहिली वाट सर्वांत सोपी असते. छताचे हाड कागदासारखे पातळ असते आणि मोठ्यांत भुवईमागे हवेची पोकळी असते, ती फ्रंटल सायनस चार वर्षांच्या मुलात जवळपास नसतेच. मध्ये गादी नाही. पापणीच्या कातडीपासून छतापर्यंतचे अंतर दोन सेंटिमीटरच्या आसपास, त्यामुळे तीन-साडेतीन सेंटिमीटर शिरलेली काडी मेंदूत पोचलेलीच असते. वीतभर काडीला तेवढे काहीच नाही.

शिवाय पुढचा खंड मुका आहे. तिथे काडी रुतली तरी हातपाय चालतात, मूल बोलते, खेळते. शुद्ध मोजणारा ग्लासगो कोमा स्केल १५ पैकी १५ येतो आणि केसपेपरवर "शुद्धीत, खेळकर" असे लिहिले जाते. ते खरेच असते.

सुजलेली पापणी उघडायची कशी

पहिल्या भेटीत डोळा पाहिला गेला नाही, याचे कारण "उघडत नाही" असे होते. पहिल्या काही तासांत बहुतेक वेळा तो उघडता येतो. मुलाला चादरीत गुंडाळावे, एकाने डोके धरावे, दुसऱ्याने पापणी उचलावी. बोटे भुवईच्या हाडावर टेकवून पापणी वर सरकवायची. नेत्रगोलावर दाब अजिबात येता कामा नये. डेमारचे रिट्रॅक्टर नसेल तर निर्जंतुक केलेली कागदाची धातूची क्लिप वाकवून तिच्या गोल टोकाने पापणी उचलता येते. हा जुगाड डोळ्यांच्या विभागात जुना आहे आणि चालतो.

काय पाहायचे? बाहुली गोल आहे की थेंबासारखी ओढलेली, उजेडाला आकसते का, उजेड एका डोळ्यातून दुसऱ्यात नेला की उलट रुंदावते का. पांढऱ्या भागावर सगळीकडून फुगलेला रक्ताचा थर आहे का. डोळा पुढे आला आहे का. खेळणे किंवा मोबाइल फिरवून डोळा चारही बाजूंना फिरतो का. बाहुली ओढलेली दिसली, बुबुळावर चीर दिसली किंवा आतला काळसर भाग बाहेर डोकावला, तर तिथेच थांबायचे. थेंब घालायचे नाहीत, मलम लावायचे नाही, पट्टी दाबून बांधायची नाही. कागदी कपाचा तळ कापून डोळ्यावर उपडा ठेवायचा, कडा हाडावर टेकतील असा, आणि चिकटपट्टीने बसवायचा. उलटीने डोळ्यातला दाब वाढतो, म्हणून ऑन्डॅन्सेट्रॉन किलोला ०.१५ मिलिग्रॅम, म्हणजे या मुलाला सुमारे दोन मिलिग्रॅम शिरेतून द्यायचे. तोंडाने काही नाही, कारण भूल लागू शकते.

जखमेत प्रोब घालून खोली मोजण्याचा मोह होतो. तो आवरायचा. प्रोब चरबीत खोटी वाट पाडतो, रक्ताची गुठळी हलवतो आणि "एक सेंटिमीटर" असे खोटे आश्वासन देतो. काडी अजून बाहेर डोकावत असेल तर ती उपसायची नाही. भोवती गॉझचे कडे करून स्थिर करायची आणि तशीच पुढे पाठवायची. आजीने ती उपसली ती मायेपोटी. दवाखान्यात तेच कुणी केले तर त्याला दुसरा शब्द आहे.

तिसरा दिवस

दुसऱ्या दिवशी मूल खेळले. तिसऱ्या दिवशी पहाटे ताप १०२ फॅरनहाइट, दोन उलट्या, दिवसभर पेंग. तालुक्याच्या रुग्णालयात पापणी लाल, गरम, टरटरून सुजलेली. निदान: खोबणीचा जंतुसंसर्ग. शिरेतून सेफ्ट्रिॲक्सोन सुरू झाले. निदान चूक नव्हते, अपुरे होते. पापणीच्या संसर्गाने ताप येतो, लाली येते. पेंग येत नाही. जखमेनंतर चोवीस ते अठ्ठेचाळीस तास औषध चालू असूनही सूज वाढत असेल, तर आत काहीतरी राहिले आहे असे धरूनच चालावे.

त्या दिवशीच्या तक्त्यात आणखी एक गोष्ट लिहिलेली होती, पण वाचली गेली नव्हती. नाडी ९६, रक्तदाब ११८/७४. एवढ्या तापात चार वर्षांच्या मुलाची नाडी १३०च्या पुढे असायला हवी आणि रक्तदाब बराच कमी. ताप चढलेला असताना नाडी मंद आणि दाब चढा, ही कवटीतला दाब वाढत असल्याची खूण असू शकते. वेगवेगळे पाहिले तर दोन्ही आकडे "ठीक" वाटतात.

मान थोडी कडक वाटल्याने पाठीतून पाणी काढावे, असा विचार झाला होता. सुदैवाने आधी सीटी करायचे ठरले. कवटीत गाठ किंवा सूज असताना पाठीतून पाणी काढले, तर मेंदू खाली सरकू शकतो. भेदक इजेची शंका असेल तिथे आधी चित्र, मग सुई.

पहिला सीटी आणि "हवा"

जिल्ह्याच्या ठिकाणी साधा सीटी झाला. पाच मिलिमीटरचे काप, दोन फिल्म. अहवाल: डाव्या पापणीत व खोबणीत सूज, वरच्या आतल्या कोपऱ्यात थोडी हवा, मेंदू सर्वसाधारण.

ती हवा नव्हती, तुराटी होती.

हे कसे घडते ते समजून घेण्यासारखे आहे. सीटीमध्ये प्रत्येक ठिपक्याला घनतेचा आकडा असतो, हाउन्सफिल्ड युनिटमध्ये. पाणी शून्य, हवा उणे एक हजार, चरबी उणे शंभरच्या आसपास. कोरड्या लाकडात हवेचे कप्पे असतात, म्हणून ते साधारण उणे दोनशे ते उणे सहाशेच्या दरम्यान येते. मेंदू पाहायची नेहमीची विंडो रुंदी ८०, मध्य ४० अशी असते. म्हणजे पडद्यावर शून्य ते ८० एवढाच पट्टा राखाडी छटांत दिसतो आणि शून्याखालचे सगळे ठार काळे. चरबी, लाकूड, हवा, तिन्ही सारखीच काळी. खोबणीसाठी रुंदी ४००, मध्य ४० अशी विंडो लावली तरी तिचा तळ उणे १६० ला संपतो, म्हणजे चरबी वेगळी होते, लाकूड आणि हवा मात्र एकच राहतात. रुंदी १५००, मध्य उणे ५००, अशी फुफ्फुसाची विंडो लावली की लाकूड राखाडी होते आणि खरी हवा काळी राहते. एवढ्यासाठी नवे यंत्र लागत नाही, माउस फिरवावा लागतो.

फिल्मवर मात्र विंडो फिरवता येत नाही. आपल्याकडे रुग्ण हातात फिल्मचे पाकीट घेऊन एका शहरातून दुसऱ्या शहरात जातो आणि पुढचा डॉक्टर ती उजेडावर धरून पाहतो. त्या क्षणी निम्मी माहिती गेलेली असते. सीटी कुठेही झाला तरी सीडी किंवा पेनड्राइव्हवर डायकॉम फाइल, म्हणजे यंत्रातली मूळ चित्रे, मागायची, अगदी हट्टाने. आणि ज्या दिवशी सीटी झाला त्याच दिवशी सेंटरला फोन करून एक मिलिमीटर किंवा त्याहून पातळ काप पुन्हा बांधून घ्यायचे. आजची यंत्रे माहिती पातळ कापांतच गोळा करतात, पाच मिलिमीटरची चित्रे नंतर तयार होतात. मूळ माहितीतून पातळ काप काढायला मुलाला नवे किरण लागत नाहीत. ती माहिती यंत्रातून काही दिवसांत पुसली जाते, म्हणून घाई.

हवा आणि लाकूड यांत आणखी दोन फरक आहेत. हवा वर चढते. मूल उताणे असेल तर तिने कपाळाच्या बाजूला, सर्वांत वरच्या जागी जमायला हवे. काळा ठिपका खालच्या बाजूला अडकून बसला असेल, तर तो हवेचा नियम पाळत नाही. दुसरे, हवेचा बुडबुडा गोल असतो. तीन कापांत एकाच रेषेत दिसणारी, सरळ कडांची काळी पट्टी निसर्गात हवेला जमत नाही.

लाकूड दिवसागणिक पाणी शोषते आणि त्याची घनता वाढते. पहिल्या दिवशी हवेसारखे दिसणारे लाकूड आठवड्याभरात चरबीसारखे आणि पुढे स्नायूसारखे दिसू शकते, तेव्हा ते सूजलेल्या ऊतींत विरघळून जाते. ओले, हिरवे लाकूड पहिल्या दिवसापासूनच फसवते. साध्या एक्स-रेवर लाकूड दिसत नाही, प्लास्टिकही नाही. काच मात्र दोन मिलिमीटरपेक्षा मोठी असेल तर बहुधा दिसते, शिसे मिसळलेली असो वा नसो.

आजीला विचारलेला प्रश्न

चौथ्या दिवशी मूल वैद्यकीय महाविद्यालयात आले. तिथल्या निवासी डॉक्टरने फिल्म बाजूला ठेवली आणि विचारले, "आजी, काडी कुठे आहे?"

"मीच उपसली बाप्पा. अंगणात टाकली."

गावात शेजाऱ्याला फोन गेला. काडी ढिगापाशी सापडली. तिचा फोटो मागवला, शेजारी शाळेची पट्टी ठेवून, दोन्ही टोके स्पष्ट दिसतील असा. काडीच नंतर मोटारसायकलवर, कोरड्या कागदात गुंडाळून आली.

या एका फोटोत तीन उत्तरे होती. काडीचे एक टोक विळ्याने कापल्यासारखे सपाट होते, दुसरे ताजे मोडलेले, धागे निघालेले. म्हणजे टोक आत राहिले. मोडलेल्या टोकापासून ११ मिलिमीटरपर्यंत रक्ताचा सुकलेला डाग होता. म्हणजे बाहेर आलेला भाग तेवढा आत होता. आणि मोडलेल्या जागी काडी साडेतीन मिलिमीटर जाड होती. या जाडीचे टोक हातभर उंचीवरून पडणाऱ्या मुलाच्या वजनाखाली पातळ हाड सहज फोडते. राहिलेल्या टोकाची लांबी कळायची होती, पण डागाच्या ११ मिलिमीटरमध्ये ती मिळवली की एकूण खोली निघणार होती. छत दोन सेंटिमीटरवर आहे, हे आधीच माहीत होते.

म्हणून जखमेची रुंदी लिहिण्याआधी वस्तूची लांबी लिहावी. काय होते, किती लांब होते, कुणी काढले, काढल्यावर पुरे होते का, आता कुठे आहे. हे पाच प्रश्न दीड मिनिटात होतात आणि सीटी मागायचा की नाही हे बहुधा त्यांतूनच ठरते. लांब, बारीक वस्तू हातात किंवा तोंडात असताना पडलेले मूल, खोबणीभोवती कसलीही जखम आणि वस्तू पुरी असल्याचा पुरावा नाही, एवढ्यावर पातळ कापांचा सीटी मागायला हरकत नसावी. किरणांची काळजी रास्त आहे, पण ती विनाकारण सीटीसाठी राखून ठेवावी.

निदान

जुन्या सीटीतून पातळ काप काढून घेतले, रुंद विंडो लावली. डाव्या खोबणीच्या वरच्या आतल्या कोपऱ्यातून निघून छतातून मेंदूच्या पुढच्या खंडात गेलेली, २२ मिलिमीटर लांब, राखाडी, सरळ पट्टी. छतात तीन-चार मिलिमीटरचे भोक, हाडाची कपची वर ढकललेली. डागाचे ११ आणि तुकड्याचे २२, एकूण ३३ मिलिमीटर, आणि सीटीवर पापणीच्या कातडीपासून आतल्या टोकापर्यंतचे अंतर ३४. काडी आणि चित्र एकमेकांशी बोलत होते. त्यामुळे दुसरा तुकडा आत नाही, हेही जवळपास पक्के झाले.

शिरेतून औषध देऊन रक्तवाहिन्यांचा सीटी केला. काडीच्या वाटेजवळ वाहिनी फुगलेली किंवा तुटलेली नव्हती. मग भूल देऊन एमआरआय. एमआरआयची पाळी शेवटी का? वस्तू धातूची नाही याची खात्री आधी हवी. तुराटीत तार गुंडाळलेली असू शकते, मुलाने खिळा ठोकलेला असू शकतो. एमआरआयमध्ये लाकूड बहुधा सगळ्या चित्रांत काळे आणि भोवती सूज उजळ दिसते. इथे टोकाभोवती सूज होती, पण पक्की भिंत नव्हती. मेंदूतल्या फोडाला भिंत येऊ लागते साधारण दहाव्या दिवसापासून आणि ती पुरती तयार व्हायला दोन आठवडे लागतात. चौथ्या-पाचव्या दिवशी हा फोड नसून फोडाची तयारी असते. दोन दिवस आधी कळले असते तर कदाचित तीही नसती.

उपचार

डोके ३० अंश उंच, मान सरळ. सलाईन पूर्ण सोडियमचे, ग्लुकोज घालून, ताशी सुमारे ५० मिलि. मुलांच्या वॉर्डात सवयीने लावले जाणारे कमी सोडियमचे सलाईन इथे मेंदूची सूज वाढवते. बाहुली रुंदावली किंवा शुद्ध ढळली तर ३ टक्के सलाईन किलोला ३ ते ५ मिलि, म्हणजे ४२ ते ७० मिलि, दहा ते वीस मिनिटांत, हे फळ्यावर आधीच लिहून ठेवले होते. वेळ आल्यावर गुणाकार करायचा नसतो.

प्रतिजैविके मेंदूज्वराच्या मात्रेत: सेफ्ट्रिॲक्सोन दर बारा तासांनी ७०० मिलिग्रॅम, मेट्रोनिडॅझोल दर सहा तासांनी १०५ मिलिग्रॅम, व्हँकोमायसिन दर सहा तासांनी २१० मिलिग्रॅम, किमान एक तासभर संथ. व्हँकोमायसिन कातडीवरच्या स्टॅफिलोकॉकससाठी, मेट्रोनिडॅझोल मातीतल्या हवेविना जगणाऱ्या जंतूंसाठी. व्हँकोमायसिनची रक्तातली पातळी आणि मूत्रपिंडासाठी क्रिएटिनिन तपासत राहायचे. तालुक्याला सेफ्ट्रिॲक्सोन दिले होते ते दिवसातून एकदा, ५० मिलिग्रॅम किलोला. पापणीला ते पुरते, मेंदूला नाही.

शस्त्रक्रिया कपाळाच्या बाजूने, हाड उघडून. काडी पापणीतून ओढली नाही. लाकूड ओढले की त्याच्या साली सुटून वाटेत राहतात, आणि टोकाशी एखादी वाहिनी दाबली गेली असेल तर तो बूच निघतो. वरून, डोळ्यांदेखत, काडीच्या अक्षातच ती काढली. भोवतीचा मऊ पडलेला भाग आणि हाडाची कपची काढली. ड्युरा, म्हणजे मेंदूचे जाड आवरण, कवटीवरच्या पडद्याचा तुकडा लावून शिवले. काडीचा तुकडा आणि ऊती तीन भागांत दिल्या: नेहमीचे कल्चर (जंतू वाढवून ओळखण्याची चाचणी), हवेविना वाढणाऱ्या जंतूंचे कल्चर, बुरशीचे कल्चर. त्यातला एकही फॉर्मॅलिनमध्ये नाही. शस्त्रक्रियागृहात हाताशी फॉर्मॅलिनचीच डबी असते आणि सवयीने नमुना तीत पडतो. तीत जंतू मरतात, मग कल्चरला काही उरत नाही. काढलेला तुकडा पट्टीवर मोजला. २२ मिलिमीटर.

खोबणीबाहेर हाच प्रश्न

तोंडात पेन्सिल, टूथब्रश किंवा पिपाणी धरून पडलेल्या मुलाच्या टाळूवरची जखम बहुधा खरोखर साधी असते आणि टाक्याविना भरते. पण ती टाळूच्या बाजूला, टॉन्सिलच्या वर-मागे असेल, तर पलीकडे मानेची मोठी रोहिणी आहे. तिला आतून मार लागून गुठळी होते आणि पक्षाघात काही तासांनी, कधी दोन दिवसांनी येतो. अशा मुलाला घरी सोडले तर हात-पाय लुळा पडणे, तोंड वाकडे होणे, नीट जागे न होणे, या तीन गोष्टी पालकांना लिहून द्याव्यात. वस्तू खोल गेल्याचा अंदाज असेल तर रक्तवाहिन्यांचा सीटी.

झाडावरून किंवा कुंपणावरून खुंटावर बसते पडलेले मूल आणखी एक. गुदद्वाराजवळ नखाएवढी जखम, आत मात्र आतडे फाटलेले. उभ्याने काढलेल्या एक्स-रेत पोटात मोकळी हवा दिसली नाही म्हणून ते नाकारता येत नाही. भूल देऊनच तपासावे. तुरीच्या, कपाशीच्या धसकटांत पडलेल्या मुलांचे कपडे पूर्ण उतरवून पाठ, काखा, डोक्याचे केस, जांघा पाहायला हव्यात. छर्ऱ्यांच्या बाबतीत प्रवेशाच्या, बाहेर पडण्याच्या जखमा आणि एक्स-रेवरचे छर्रे यांची बेरीज सम यायला हवी. विषम आली तर काहीतरी सुटले आहे.

छातीत किंवा पोटात वस्तू गेली असेल तर रक्तदाबावर विसंबू नये. १४ किलोच्या मुलात रक्त जेमतेम एक लिटर. पाव लिटर गेले तरी दाब टिकून राहतो, कारण नाडी वाढते आणि कातडीकडच्या रक्तवाहिन्या आखडतात. या वयाला ७८ च्या खाली वरचा दाब आला, तेव्हा फार उशीर झालेला असतो. थंड हातपाय, नखावर दाबल्यावर रंग यायला दोन सेकंदांपेक्षा जास्त वेळ, वाढती नाडी, या खुणा आधी येतात.

आणि हकिगत जखमेशी जुळत नसेल, दर वेळी बदलत असेल, किंवा अजून रांगतही नसलेल्या बाळाच्या एक्स-रेत शिवणाची सुई सापडली, तर हा अपघात आहे असे गृहीत धरता येत नाही. नोंद वैद्यकीय-कायदेशीर प्रकरण म्हणून करायची, मूल दाखल ठेवायचे. इथे हकिगत सगळ्यांच्या तोंडी एकच होती आणि काडीशी जुळत होती, तरी नोंद केलीच.

पुढचे सहा आठवडे आणि डोळा

शस्त्रक्रियेनंतर पाचव्या दिवशी ताप उतरला. कल्चरमध्ये स्टॅफिलोकॉकस ऑरियस आला, मेथिसिलिनला दाद देणारा, म्हणून व्हँकोमायसिन थांबवले. बुरशीची प्लेट चार आठवडे ठेवली, काही उगवले नाही. शिरेतून औषध एकूण सहा आठवडे. झटके येऊ नयेत म्हणून लेव्हेटिरासिटॅम पहिले सात दिवस, मग बंद. तिसऱ्या आठवड्यात रक्तवाहिन्यांचे चित्र पुन्हा काढले, कारण वाहिनीच्या भिंतीला लागलेला ओरखडा पहिल्या चित्रात दिसत नाही आणि नंतर फुग्यासारखा फुगतो. ते स्वच्छ होते. नाकातून मेंदूजल, म्हणजे मेंदूभोवतीचे पाणी, गळते का, हे रोज मुलाला पुढे वाकवून पाहिले. साखरेच्या पट्टीने मेंदूजल ओळखण्याची जुनी रीत भरवशाची नाही, नाकाच्या साध्या पाण्यानेही ती रंगते.

मेंदूचे सगळे ठीक चालले की डोळा विसरला जातो. काडीने पापणी उचलणाऱ्या स्नायूला धक्का दिला होता. घरी जाताना पापणी बाहुलीच्या निम्म्यावर लोंबत होती. मोठ्या माणसात हे सौंदर्याचे दुखणे ठरले असते. चार वर्षांच्या मुलात झाकलेल्या डोळ्याकडून मेंदू पाहायलाच शिकत नाही आणि सात-आठ वर्षांनंतर ते शिकवणे अवघड होत जाते. म्हणून पहिल्या महिन्यापासून दर चार आठवड्यांनी दृष्टी तपासणी. तिसऱ्या महिन्यात पापणी फक्त दोन मिलिमीटर खाली, बाहुली मोकळी, उजव्या डोळ्याची दृष्टी ६/९ आणि डाव्याची ६/१८. चष्मा दिला आणि उजव्या, म्हणजे चांगल्या डोळ्यावर रोज दोन तास पट्टी. घरी ती उलटी, दुखावलेल्या डोळ्यावर लावली जाते, म्हणून आजीकडून ती समोर बसून एकदा लावून घेतली.